चेकरबाईंची कोथिंबीर

कोथिंबिरीवरून कुणाचं डोकं फिरतं का, असं जो विचारतो त्याने ती नुसती खाल्लेली असते, कधी पेरलेली नसते. चेकरबाईंचं डोकं फिरलं. फिरलं ते योग्यच फिरलं, उलट चार वर्षं उशिरा फिरलं. बाई मुळात सोशिक, दुसरं काय!

चेकरबाई हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. बटणांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. खालून दिवा लावलेली काच, काचेवरून सरकत येणारी बटणं, आणि बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या सहा बायका. भोक तिरकं पडलेलं, कड उडालेली, रंग फिका, पोटात हवेचा बुडबुडा, असं जे जे दिसेल ते डाव्या हाताने बाजूला सारायचं आणि उजव्याने पुढचं ढकलायचं. हात आपले चालत, तोंडाने गप्पा, आणि डोळे मात्र काचेवर. त्या डोळ्यांना अशी सवय लागली की कुणी बोलायला आलं तरी बाईंची नजर आधी त्याच्या शर्टावर जायची. लोकांना वाटायचं, बाई लाजाळू आहेत, खाली बघून बोलतात. बाई खाली बघत नव्हत्या, तिसरं बटण बघत होत्या.

राहायला तीन मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दारासमोरूनच गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. कारखान्यात बटणांचा कच्चा माल ज्या लाकडी खोक्यांतून यायचा, त्यातली मोडकी खोकी कामगारांना न्यायची मुभा होती. बाईंनी अशी सात खोकी एकेक करून घरी आणली, तळाला भोकं पाडली, माती भरली आणि गच्चीच्या कठड्याला लावून मांडली. त्यात कोथिंबीर पेरली. कोथिंबीर अशासाठी की ती रोज लागते आणि रोज शिळी मिळते, एवढंच. त्यात काही मोठा विचार नव्हता.

मोठा विचार नंतर आला. एकोणीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. उन्हाळ्यात कोथिंबीर काय करते हे पेरणाऱ्याला ठाऊक असतं. चार पानं आली न आली तोच तिला घाई सुटते. मधून दांडा वर निघतो, रुंद पानांच्या जागी शेपूसारखी बारीक पानं फुटतात, टोकाला पांढरी फुलं येतात आणि खाण्याजोगं काही उरत नाही. त्या वर्षीही तसंच झालं. सातही खोक्यांत नुसते दांडे. बाई उपटून टाकायला बसल्या आणि पाचव्या खोक्याच्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. तिथे चार रोपं होती बुटकी, मातीला धरून बसलेली, रुंद पानांची. सगळ्या गच्चीला घाई झालेली आणि ही चौघं निवांत.

दुसरं कुणी असतं तर त्याने काय केलं असतं? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? हात जोडले असते आणि खुडून भाजीत घातली असती. चांगलं ते आधी खायचं, वाईट ते राहू द्यायचं, आणि मग त्या राहिलेल्या वाईटाचंच बी धरायचं. सगळं जग हेच करतं आणि मग ओरडतं की आमची कोथिंबीर लवकर फुलते. बाईंनी नोकरीत वर्षानुवर्षं रोज वाईट बाजूला काढलं होतं. त्यांच्या हाताने उरलेली सगळी रोपं फुलण्याआधीच काढून टाकली, म्हणजे मधमाशी इकडचं तिकडे करणार नाही, आणि त्या चौघांना हात लावला नाही. घरात त्या महिन्यात कोथिंबीर बाजारातून आली.

त्यावरून घरात काय काय ऐकून घेतलं बाईंनी! यजमान पालिकेच्या कचेरीत हेडक्लार्क. नीटनेटका माणूस, शर्टाची बटणं कायम पाच की पाच जागच्या जागी, आणि बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्याला कचेरीचा शिक्का. ते जेवताना म्हणायचे, "वर हिरवीगार जुडी उभी आहे आणि आपण विकत आणतोय. वेडाचा बाजार आहे हा." मुलगी लहान होती, तीही बापाची री ओढायची. शेजारीपाजारी आले की हेडक्लार्क हसून सांगत, "आमच्याकडे कोथिंबीर खायला नाही, दर्शनाला आहे." लोक हसत. बाई चहा ठेवायला आत जात.

दर वर्षी हेच. उन्हाळा तोंडावर आला की बाई मुद्दाम पेरत, जेव्हा कुणीच शहाणा माणूस पेरत नाही तेव्हा. धने पोत्यावर पसरून लाकडी फळीने हलकेच रगडायचे, प्रत्येक धन्याचे दोन भाग झाले पाहिजेत आणि एकही चुरडता कामा नये. रात्रभर भिजत घालायचे. जागच्या जागी पेरायचे, कारण कोथिंबिरीला उचलून दुसरीकडे लावलेलं खपत नाही, ती लगेच रुसते आणि फुलते. मग रोज कामावर जाण्याआधी वर एक चक्कर, आल्यावर एक. घाई सुटलेलं रोप दिसलं की काढ. पुन्हा बघ, पुन्हा काढ. शेवटी जी तीन-चार उरतील त्यांचंच बी, सावलीत वाळवलेलं, निळ्या झाकणाच्या बरणीत. बरणीवर वर्ष लिहायचं आणि कपाटात सगळ्यात वर ठेवायची, म्हणजे कुणी चुकून कुटून ठेवणार नाही. एकदा मुलीने कुटलेच होते. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. नशीब की मागच्या वर्षीचे मूठभर उरले होते.

पहिली सहा-सात वर्षं काही फरक कळला नाही. हेडक्लार्क म्हणत, "निष्पन्न काय? शून्य." दहाव्या वर्षी बाईंना वाटलं की आठ दिवस जास्त टिकली. पंधराव्या वर्षी वाटायची गरज उरली नाही. शेजारच्या गच्चीवरच्या कुंड्यांत पांढरी फुलं डोलत होती आणि बाईंची सात खोकी हिरवीगार, रुंद पानांची, खुडावं तितकी फुटणारी. तो उन्हाळा सगळ्या इमारतीने बाईंची कोथिंबीर खाल्ली. कुणी विचारून नेली, कुणी न विचारता. दुसऱ्या मजल्यावरच्या एकीने तर मुळासकट उपटून नेली आणि वर सांगितलं, "मुळाला वास छान असतो." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "जाऊ दे."

हे 'जाऊ दे' हेच बाईंचं खरं दुखणं. जो तो त्यावर पोसला. कारखान्यात मुकादम उशिरा सोडायचा, जाऊ दे. नवरा चारचौघांत टिंगल करायचा, जाऊ दे. असली माणसं मनाने मोठी असतात म्हणतात. असतील. पण त्यांच्या मोठेपणावर पाय पसरून झोपणारे किती लहान असतात, हे कुणी बोलत नाही.

मग हेडक्लार्क निवृत्त झाले. बाई त्याआधी वर्षभर घरी बसल्या होत्या, तेव्हा गच्चीवर त्यांचा हक्काचा सकाळचा तास होता. हेडक्लार्कनी पहिला महिना पेपर वाचण्यात काढला, दुसरा महिना कपाटं आवरण्यात. तिसऱ्या महिन्यात ते जिना चढून वर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "याला काही पद्धत हवी."

पद्धत आली. खोक्यांवर एक ते सात आकडे आले. एक वही आली, तिच्यात रकाने आले, पाणी दिल्याची वेळ आली. झारी हेडक्लार्कच्या हातात गेली. निवड मात्र बाईच करत, कारण त्यासाठी वाकावं लागतं आणि हेडक्लार्कची कंबर धरते. पण वाकलेलं माणूस पाहुण्यांना दिसत नाही, उभं असलेलं दिसतं. पाहुणे येत आणि हेडक्लार्क झारीने खुणा करत समजावून सांगत. पहिल्या वर्षी ते म्हणायचे, "हिने हे वेड घेतलं." दुसऱ्या वर्षी, "आम्ही हे करतो." तिसऱ्या वर्षी बाई वाकून तण काढत होत्या आणि त्यांच्या डोक्यावरून आवाज आला, "एका उन्हाळ्यात मी बघितलं, पाचव्या खोक्यात चार रोपं वेगळी दिसत होती. मी म्हटलं, ही खायची नाहीत."

बाईंचा हात मातीतच थांबला. पाहुणे म्हणाले, "वा! काय नजर आहे तुमची!" हेडक्लार्क म्हणाले, "कचेरीत फायली तपासून तपासून झालेली सवय."

त्या दिवशी बाईंनी मुलीला फोन केला. ती आता लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहते. तिला सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "अगं आई, बाबांना काहीतरी विरंगुळा हवा ना. कोथिंबीरच तर आहे." बाईंनी फोन ठेवला. कोथिंबीरच तर आहे! हे वाक्य ज्याने त्याने बाईंना ऐकवलेलं होतं, फक्त प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा.

आता तळमजल्यावरच्या सरांकडे येऊ. हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणी नुसतं "आज ऊन आहे" म्हटलं तरी त्यावर ते पंधरा मिनिटं व्याख्यान देतात. एक दिवस ते वर आले, खोकी पाहिली, पान चुरगळून वास घेतला आणि हेडक्लार्कना म्हणाले, "थोडं बी द्याल का? अभ्यासासाठी."

हेडक्लार्कना 'अभ्यास' या शब्दाने चढली. बाई बाजारात गेल्या होत्या. हेडक्लार्कनी खुर्चीवर चढून निळ्या झाकणाची बरणी खाली काढली आणि अर्धी अधिक सरांच्या रुमालात ओतली. बाई परत आल्या, त्यांनी बरणी पाहिली.

"अहो, बी कुठे गेलं?"

"सरांना दिलं. अभ्यास करणार आहेत ते. आपल्या कामाची दखल घेतली गेली."

"अर्धी बरणी?"

"अगं, पुढच्या वर्षी पुन्हा होईलच की."

पुन्हा होईलच की! पुढच्या वर्षी होतं ते धने. हे जे होतं ते व्हायला एकोणीस उन्हाळे लागले होते, आणि एकेका उन्हाळ्यात शंभर शंभर वेळा वाकावं लागलं होतं. बाईंनी उरलेली बरणी आपल्या कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये घरगुती बागांचं प्रदर्शन भरलं. पेपरात फोटो आला. हेडक्लार्कनी तो सकाळी चहा पिता पिता पाहिला आणि कप असा आदळला की बशीचा टवका उडाला. फोटोत सर उभे होते, पुढ्यात लांबट ट्रेमध्ये हिरवीगार कोथिंबीर, आणि बातमीत लिहिलं होतं की सरांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून उन्हात टिकणारं वाण तयार केलं आणि पहिलं बक्षीस पटकावलं.

"दरोडा!" हेडक्लार्क ओरडले. "दिवसाढवळ्या दरोडा! माझी एकोणीस वर्षांची मेहनत! या माणसाला मी विश्वासाने बी दिलं!"

बाई ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. त्या वळल्या. हेडक्लार्कचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि नवल म्हणजे डोळ्यांत खरोखर पाणी होतं. ढोंग नव्हतं ते. माणूस मनापासून दुखावला होता. हे बघून बाईंना आधी दया आली, आणि लगेच त्या दयेचाच इतका राग आला की सुरी फळीत रुतली. चार वर्षांत याला एकदाही, एकदाही आठवलं नाही की पाचव्या खोक्यापाशी कोण बसलं होतं. खोटं बोलून बोलून ते याचं याला खरं वाटायला लागलं.

"तुला काहीच वाटत नाही?" हेडक्लार्क म्हणाले. "दुसऱ्याच्या कष्टावर कुणी आपलं नाव लावतं आणि तू भाजी चिरतेस?"

"वाटतंय," बाई म्हणाल्या. "खूप वाटतंय."

तीन दिवस हेडक्लार्क अर्ज लिहीत बसले. आयुष्यभराचं कसब त्यात ओतलं. वर 'अर्जदार', मग 'ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची नावे', मग 'विषय', मग मजकूर. वाक्यावाक्याला थांबून ते मोठ्याने वाचत आणि बाईंना ऐकावं लागे. "ज्याने मातीत हात घातला नाही त्याने फळावर नाव कोरावे, हे कोणत्या न्यायात बसते?" "ज्या व्यक्तीने वर्षानुवर्षे उन्हातान्हात वाकून निवड केली, तिचा साधा उल्लेखही करण्याचे सौजन्य दाखवण्यात आले नाही." बाई ऐकत होत्या. इतकं सुरेख त्यांना जन्मात लिहिता आलं नसतं. त्यांच्या मनातलं एक एक वाक्य हा माणूस नेमकं कागदावर उतरवत होता, आणि ते वाक्य कुणाचं आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

चौथ्या दिवशी त्यांच्या निरोपावरून शाळेच्या हॉलशेजारच्या खोलीत त्यांना आणि सरांना बोलावलं, अर्ज तिथेच द्यायचा होता. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंची स्वतःची रोपवाटिका होती. धिप्पाड बाई, नखांत माती, बोलणं तोडून टाकल्यासारखं. टेबलावर सरांचा बक्षिसाचा ट्रे ठेवला होता, त्याच्यामागे सर बसले होते, समोर हेडक्लार्क, आणि भिंतीला लावलेल्या खुर्चीवर चेकरबाई. त्यांना कुणी पुढे बसा म्हटलं नाही. सोबत आलेल्या बायका अशाच बसतात.

सर आधी बोलले. निवड, वंश, अनुकूलन असं बरंच काही. मग म्हणाले, "बी यांनी दिलं हे मी नाकारत नाही. पण बी म्हणजे काय? त्यामागचं शास्त्र मला कळलं, यांना नाही."

"शास्त्र!" हेडक्लार्क उठून उभे राहिले. "शास्त्र मी जगलो आहे, साहेब!" आणि त्यांनी पाचव्या खोक्याची सगळी हकीकत सांगितली. फुलण्याआधी काढलेली रोपं, मधमाशी, वर ठेवलेली बरणी, मुलीने कुटलेले धने, सगळं. त्या रात्री आपण जेवलो नाही हेही सांगितलं. बाई आपल्याच आयुष्याची गोष्ट भिंतीला टेकून ऐकत होत्या. वाढलेलं ताट झाकून ठेवणारा हाच माणूस होता, "धन्यांसाठी कुणी उपाशी राहतं का" असं म्हणून हसणाराही हाच.

रोपवाटिकेच्या बाईंनी ट्रे मध्ये ओढला. "गोष्टी दोघांच्याही छान आहेत. आता मला एवढंच दाखवा. या ट्रेमधल्या कुठल्या रोपांचं बी धराल तुम्ही?"

सरांनी चष्मा वर केला, ट्रेभोवती फिरले आणि मधलं एक सरळसोट रोप दाखवलं. "हे प्रातिनिधिक आहे."

हेडक्लार्कनी ट्रेकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कडेचं सगळ्यात जाड, सगळ्यात टरारलेलं रोप धरलं. "हे. निःसंशय हे."

रोपवाटिकेच्या बाईंनी ओठ मुडपले. हेडक्लार्कच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि घरात पाण्याचा पेला मागतात त्याच आवाजात म्हणाले, "अगं, तू जरा ये. आपण कसं करतो ते दाखव यांना."

चेकरबाई उठल्या. त्यांनी ट्रेवर नजर फिरवली नाही, बोटं फिरवली. एकेका रोपाच्या बुडाशी बोट घालायचं, मधला कोंब चाचपायचा, पुढे जायचं. मधला कोंब गाठीसारखा टणक लागला की ते रोप फुलायला निघालं, मग वरून ते कितीही रुंद पानांचं दिसो. सरांचं प्रातिनिधिक रोप त्यांनी डाव्या हाताने बाजूला झुकवलं. हेडक्लार्कच्या टरारलेल्या रोपाशी थांबल्या.

"हे चार दिवसांत फुलेल," त्या म्हणाल्या. "म्हणूनच एवढं माजलंय."

मग कोपऱ्यातली तीन बुटकी रोपं दाखवली, ज्यांच्याकडे आतापर्यंत कुणी बघितलंच नव्हतं. "ही ठेवायची. बाकीची आजच काढा, नाहीतर बी बिघडेल."

रोपवाटिकेच्या बाईंनी पुढे होऊन त्या तिन्ही रोपांचे कोंब चाचपले, मग इतर दोन-चारांचे. त्यांनी मान वर केली आणि चेकरबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "किती वर्षं करताय?"

बाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर हेडक्लार्कनी दिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "एकोणीस! बघितलंत? सिद्ध झालं की नाही? सर, आता काय म्हणणं आहे तुमचं? मॅडम, लिहा, वाण आमच्या घरचं आहे. माझं नाव लिहून घ्या."

चेकरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता. त्याला खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदात त्याने बायकोच्या खांद्यावर शाबासकीची थाप मारली.

जाऊ दे हा शब्द नेहमीप्रमाणे बाईंच्या जिभेवर आला. तिथे तो थोडा वेळ थांबला, आणि बाईंनी तो गिळून टाकला.

"तो अर्ज जरा देता?" त्या म्हणाल्या.

हेडक्लार्कनी मोठ्या उत्साहाने पाकिटातून अर्ज काढला. त्यांना वाटलं, ही वाचून दाखवणार. बाईंनी टेबलावर जागा केली, रोपवाटिकेच्या बाईंचं पेन उचललं आणि उभ्या उभ्याच कागदावर वाकल्या. अर्ज अक्षरशः सुंदर होता. विषय ठीक होता. मजकूर ठीक होता, त्यातलं एक अक्षरही बदलायची गरज नव्हती. चूक फक्त वर होती. 'अर्जदार' या शब्दापुढचं नवऱ्याचं नाव त्यांनी एका रेघेने काटलं आणि तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. ते नाव त्या खोलीत फक्त एकाला माहीत होतं, आणि त्यालाही ते वाचायला क्षणभर वेळ लागला.

"अगं, हे काय करतेस?" हेडक्लार्क म्हणाले.

बाईंचं अजून संपलं नव्हतं. 'ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची नावे' याखाली सरांचं नाव होतं. त्याच्यामागे त्यांनी एकचा आकडा घातला. खाली दोनचा आकडा घातला आणि आत्ताच वर काटलेलं नाव तिथे ठळक अक्षरांत लिहिलं. मग कागद फिरवून रोपवाटिकेच्या बाईंपुढे सरकवला.

त्या बाईंनी तो सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. 'ज्याने मातीत हात घातला नाही' इथे त्यांनी हेडक्लार्कच्या हातांकडे पाहिलं. 'साधा उल्लेखही' इथे थांबल्या आणि पुन्हा वाचलं. हेडक्लार्क बसले. आपलं एक एक वाक्य ओळीने आपल्याकडे येताना ते पाहत होते, आणि ती वाक्यं त्यांना तोंडपाठ होती.

"मी..." ते म्हणाले आणि हात पुढे करून अर्ज परत मागू लागले.

रोपवाटिकेच्या बाईंनी पेन घेतलं. "दोघांनाही नोटीस जाईल. एक नंबरचा पत्ता आहे माझ्याकडे. दोन नंबरचे हे कोण तुमचे?"

"यजमान," चेकरबाई म्हणाल्या.

"त्यांचा पत्ता?"

"माझाच लिहा," चेकरबाई म्हणाल्या. "नोटीस आली की मी सही करून घेईन आणि त्यांना वर गच्चीवर नेऊन देईन."